तागाचं कापड आणि बाटल्यांची झाकणं: पहिली कंपोझिट फळी कशी दाबायची

टाकाऊ प्लास्टिकमध्ये वनस्पतींचा धागा घालून फळी बनवायची म्हटलं, की बहुतेक जण प्लास्टिकपासून सुरुवात करतात. बाटल्या, झाकणं, पिशव्या साठलेल्या असतातच. त्या वितळवायच्या आणि त्यात काहीतरी तंतुमय ढकलायचं, असा बेत असतो. हा क्रम उलटा आहे. या जोडीत नाजूक आहे तो धागा. २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तो करपायला लागतो, हवेतलं पाणी धरून ठेवतो आणि प्लास्टिकशी त्याचं सहजासहजी जमत नाही. त्यामुळे कोणतं प्लास्टिक घ्यायचं, किती तापवायचं, किती वेळ दाबायचं, हे सगळं धाग्याच्या कलानं ठरवावं लागतं.

इथे आपण १५ सेंटिमीटर लांब, तेवढीच रुंद आणि ५ मिलिमीटर जाडीची एक फळी करणार आहोत. आकार मुद्दाम लहान ठेवला आहे; कारण पुढे दाबाचा हिशेब आला की कळेल. एक्स्ट्रूडर (प्लास्टिक वितळवून, कालवून पुढे ढकलणारं यंत्र) किंवा मोठी यंत्रं लागणार नाहीत. तापवता येणारा छोटा प्रेस, किंवा एक जुना ओव्हन आणि हायड्रॉलिक जॅकचा प्रेस, फळीच्या मापाची चौकट आणि वर-खाली दोन प्लेट असा लोखंडी साचा, ग्रॅमच्या दशांशापर्यंत मोजणारा वजनकाटा आणि थर्मोकपलचा तापमापक एवढं असलं की काम सुरू करता येतं. ओव्हन एकदा या कामाला लावला की तो स्वयंपाकघरात परत न्यायचा नाही.

प्लास्टिक कोणतं

धागा १९० अंशांपर्यंत काही मिनिटं तग धरतो. त्यापुढे आधी हेमिसेल्युलोज (धाग्यातल्या सेल्युलोजला बांधून ठेवणारा घटक) तुटायला लागतं, रंग तपकिरी होतो आणि ताकद उतरते. वेळेचाही यात वाटा आहे: १८५ अंशांवर पाच मिनिटं चालतात, अर्धा तास चालत नाही. म्हणजे त्याखाली नीट वाहणारं प्लास्टिक हवं. पाण्याच्या बाटलीचं पीईटी २५० अंशांच्या पुढे वितळतं, म्हणून ते बाद. उरतात तीन: एचडीपीई म्हणजे जास्त घनतेचं पॉलिथिलिन, जे १३० अंशांच्या आसपास वितळतं, एलडीपीई म्हणजे कमी घनतेचं पॉलिथिलिन, जे ११० च्या आसपास, आणि पॉलिप्रॉपिलिन म्हणजे पीपी, जे १६० ते १६५ ला. पीपीची फळी जास्त ताठ होते, पण त्याचं वितळणं आणि धाग्याचं करपणं यांच्यातली जागा फार अरुंद आहे. पहिल्या फळीसाठी एचडीपीई घ्या. चुकायला ३०-४० अंशांची मोकळीक मिळते.

ओळखायचं कसं? वस्तूच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेनं ही पद्धत आणली. २ म्हणजे एचडीपीई, ४ म्हणजे एलडीपीई, ५ म्हणजे पीपी. १ पीईटी, ६ पॉलिस्टायरिन आणि ७ म्हणजे बाकीचं काहीही. ही तिन्ही बाजूला ठेवा. ३ क्रमांकाचं पीव्हीसी तर कामाच्या जागेतच आणू नका. ते तापलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तो फुप्फुसांना घातक आहे आणि साच्याचं लोखंडही खातो.

आकडा नसेल तर पाण्याची चाचणी करा. तुकडा कापून पाण्यात टाका आणि भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब घाला, म्हणजे बुडबुड्यांच्या आधारानं तो खोटा तरंगणार नाही. पॉलिथिलिन आणि पीपी तरंगतात. पीईटी, पीव्हीसी आणि भरीव पॉलिस्टायरिन बुडतात. मात्र एचडीपीई आणि पीपी दोन्ही तरंगत असल्यानं ही चाचणी त्यांच्यात फरक करत नाही. बाटल्यांची झाकणं या दोन्हीपैकी कशाचीही असू शकतात, म्हणून झाकणाच्या आतला आकडा बघितल्याशिवाय ते ढिगात टाकू नका. एचडीपीईत थोडं पीपी गेलं तर फळी बिघडेलच असं नाही, पण दोघं एकमेकांत नीट मिसळत नाहीत आणि जोडावर ती ठिसूळ होते.

नवख्यांना सहसा कोणी सांगत नाही अशी एक गोष्ट आहे. सगळं एचडीपीई सारखं वाहत नाही. बाटल्या फुगवून बनवतात, त्यासाठी वितळल्यावर घट्ट राहणारं प्लास्टिक वापरतात. झाकणं, बादल्या, क्रेट साच्यात दाबानं सोडून बनवतात, त्यासाठी पातळ वाहणारं वापरतात. आपल्याला प्लास्टिक धाग्याच्या आतपर्यंत मुरायला हवं, म्हणून दुसऱ्या जातीचं चांगलं. ओळख सोपी आहे: फुगवलेल्या बाटलीच्या तळाला चिमटा काढल्यासारखी सरळ रेघ असते, तर साच्यात सोडलेल्या वस्तूवर बहुतेक वेळा कुठेतरी एक बारीक ठिपका असतो, जिथून प्लास्टिक आत शिरलं. आपण झाकणंच घेऊ.

झाकणांच्या आत कधी कधी वेगळ्या मऊ पदार्थाची चकती असते, ती काढून टाका. धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात धुवा, लेबलाचा गोंद खरवडून काढा आणि पूर्ण वाळवा. इंजिन ऑइल किंवा कीटकनाशकाच्या डब्यांना हात लावू नका; ते प्लास्टिकमध्ये मुरलेलं असतं, धुऊन जात नाही. मग ५ मिलिमीटरपर्यंतचे तुकडे करा. मजबूत कात्रीनं वेळ लागतो, पण १०० ग्रॅमसाठी तेवढं पुरतं. धुण्याचं पाणी दाट कापडातून गाळून मगच सोडा, नाहीतर प्लास्टिकचा चुरा गटारातून थेट नदीत जाईल आणि सगळ्या खटाटोपाचा अर्थ उरणार नाही.

धागा

ताग, काथ्या, घायपात, अंबाडी, केळीच्या खोडाचा धागा, बांबू, उसाचं चिपाड, भाताचं तूस, लाकडाचा भुसा: यादी लांब आहे, पण यांचं काम एकसारखं नाही. तूस आणि भुसा म्हणजे भराव. ते प्लास्टिक वाचवतात, फळी थोडी ताठ करतात, पण ताकद फारशी वाढवत नाहीत; कण इतके आखूड असतात की भार आला की तुटण्याआधीच प्लास्टिकमधून निसटतात. ताग, अंबाडी आणि घायपात खरं बळ देतात, कारण त्यांत सेल्युलोज भरपूर असतं आणि त्याच्या साखळ्या धाग्याच्या लांबीच्या दिशेनं लागलेल्या असतात. काथ्याची तऱ्हा वेगळी. त्यात लिग्निन (सेल्युलोजला भोवतीनं चिकटवून धरणारा घटक) ४० टक्क्यांच्या वर आणि सेल्युलोज तुलनेनं कमी असतं, त्यामुळे तो ताठ नसतो, पण तुटण्याआधी खूप ताणला जातो. आपटणार, आदळणार अशा वस्तूला काथ्या चांगला. वाकू नये अशा वस्तूला ताग.

आपण तागाचं विणलेलं कापड घेणार आहोत, गोणपाटासारखं. सुटा धागा प्लास्टिकमध्ये कालवायचा तर गरम रोलर किंवा एक्स्ट्रूडर लागतो. हातानं कालवला तर त्याच्या गुठळ्या होतात आणि गुठळीच्या मध्यापर्यंत प्लास्टिक पोचत नाही. कापड असलं की धागा आधीच पसरलेला मिळतो. नवं गोणपाट घेतलं तरी ते धुवावं लागतं. ताग कातताना तो मऊ व्हावा म्हणून त्याला तेलाचा हात दिलेला असतो, आणि ते तेल आपल्या कामात पक्कं आडवं येतं. गरम पाणी आणि थोडा साबण घालून दोनदा धुवा, मग साबण निघेपर्यंत खळबळा.

यापुढची पायरी अनेक लेखांत पहिल्याच ओळीत सापडते: कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया. ५ टक्क्यांच्या द्रावणात, म्हणजे १ लिटर पाण्याला साधारण ५० ग्रॅम, धागा दोन ते चार तास साध्या तापमानाला बुडवून ठेवतात. मेण आणि हेमिसेल्युलोज निघतं, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि प्लास्टिकला धरायला जागा मिळते. सुती कापडावर जॉन मर्सर यांनी १८५० मध्ये पेटंट घेतलेली प्रक्रिया या कल्पनेची पूर्वज. फायदा खरा आहे. तरीही पहिल्या फळीला ती टाळा असंच मी सांगेन. कॉस्टिक डोळ्यांना क्षणात इजा करतं, आणि प्रमाण किंवा वेळ वाढली तर धागाच कमजोर होतो. आधी साध्या धुतलेल्या कापडाची फळी करून बघा. तुलनेला काहीतरी हातात हवं. पुढे करायचीच झाली तर चष्मा आणि रबरी हातमोजे घाला, पाण्यात कॉस्टिक थोडं थोडं टाका, कॉस्टिकवर पाणी कधीही ओतू नका, आणि ॲल्युमिनियमचं भांडं वापरू नका, त्यातून हायड्रोजन सुटतो. नंतर पाण्यानं धुवा, एकदा पातळ व्हिनेगरमधून काढा आणि लिटमस कागद उदासीन दाखवेपर्यंत पुन्हा धुवा.

कॉस्टिकपेक्षा मी दुसऱ्या एका पदार्थावर जास्त भरवसा ठेवेन: मलेइक ॲनहायड्राइड जोडलेलं पॉलिथिलिन. ते दाण्यांच्या रूपात मिळतं. प्लास्टिक पाण्याला दूर ठेवणारं, धागा पाणी ओढणारा. हा पदार्थ दोघांमधला मध्यस्थ आहे. त्यातला ॲनहायड्राइडचा भाग सेल्युलोजच्या हायड्रॉक्सिल गटांशी बंध करतो आणि उरलेली लांब साखळी भोवतालच्या प्लास्टिकमध्ये मिसळून जाते. एकूण वजनाच्या ३ ते ५ टक्के पुरतो. जादा खर्च एकाच गोष्टीवर करायचा असेल तर तो इथे करा. पीपी वापरणार असाल तर पॉलिप्रॉपिलिनवर जोडलेला प्रकार घ्यावा लागतो.

वाळवणं

हाताला कोरडा वाटणारा ताग कोरडा नसतो. वस्त्रोद्योगात तागाचा प्रमाणित ओलावा कोरड्या वजनाच्या १३.७५ टक्के धरतात. उगाच कोणी ठरवलेला आकडा नाही, सामान्य दमट हवेत तो खरोखर तेवढं पाणी धरतो. आपल्या फळीत सुमारे २४ ग्रॅम ताग जाणार आहे. तो १२ टक्के ओला असेल तर त्यात अडीच ग्रॅमपेक्षा थोडं जास्त पाणी आहे. १ ग्रॅम पाण्याची १०० अंशांवर सुमारे १.७ लिटर वाफ होते. म्हणजे साच्यात चार लिटरहून जास्त वाफ सुटणार, आणि सगळी फळी आहे ११२ घन सेंटिमीटरची. ती वाफ कुठे जाईल? प्लास्टिकमध्ये, बुडबुडे बनून. शिवाय जिथे पाण्याचा थर आहे तिथे मध्यस्थाचे दाणे धाग्याशी बंध करायच्या ऐवजी पाण्याशीच प्रक्रिया करून मोकळे होतात.

म्हणून कापडाचे तुकडे आधी साच्यापेक्षा थोडे लहान कापा (किती ते पुढे येईल), एकमेकांवर न रचता पसरा आणि १०० ते १०५ अंशांवर चार तास ठेवा. मग वजन करा. एक तासानं पुन्हा वजन करा. दोन्ही वजनं जुळली की वाळलं. जुळेपर्यंत थांबायचं, घड्याळाकडे बघून ठरवायचं नाही. वाळलेला ताग उघड्यावर ठेवला तर तो लगेच हवेतलं पाणी परत घ्यायला लागतो, त्यामुळे ओव्हनमधून काढून थेट थर लावायचे. मध्ये वेळ जाणार असेल तर सिलिका जेल घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

वजनाचा हिशेब

साच्यात किती माल टाकायचा हे अंदाजानं ठरवू नका. एचडीपीईची घनता साधारण ०.९५, तागाची १.४ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर धरू. धाग्याचं प्रमाण वजनानं २० टक्के ठेवू. बाजारातल्या तयार कंपोझिट फळ्यांत भुश्याचं प्रमाण अनेकदा ५० टक्क्यांच्या वर असतं, पण त्यांच्याकडे कालवायची यंत्रं आहेत. थर लावून केलेल्या पहिल्या फळीत २० टक्के नीट भिजले तरी खूप.

मिश्रणाची घनता काढताना टक्क्यांची थेट सरासरी घेऊ नये, दोघांचं आकारमान मोजावं. १ ग्रॅम मिश्रणात प्लास्टिक ०.८ ग्रॅम, म्हणजे ०.८४२ घन सेंटिमीटर, ताग ०.२ ग्रॅम, म्हणजे ०.१४३. बेरीज ०.९८५. घनता झाली १ भागिले ०.९८५, म्हणजे साधारण १.०१५. साच्याचं आकारमान १५ गुणिले १५ गुणिले ०.५, म्हणजे ११२.५ घन सेंटिमीटर. वजन ११४ ग्रॅम. त्यावर ५ टक्के जादा घेतलं की १२० ग्रॅम: प्लास्टिक ९६, ताग २४. मध्यस्थ वापरत असाल तर त्याचे ४ ते ५ ग्रॅम प्लास्टिकच्या ९६ मधून वजा करा.

ते ५ टक्के जादा कशाला? साच्याची चौकट ५ मिलिमीटर जाड असते. माल कमी पडला तर प्रेसचा सगळा जोर चौकटीच्या कडा झेलतात आणि आतल्या प्लास्टिकवर दाबच येत नाही. बाहेरून सगळं घट्ट बसलेलं दिसतं, आतून फळी पोकळ निघते. जादा माल चौकटीच्या फटीतून बाहेर आला म्हणजे आत दाब आहे याची खात्री पटते.

थर

९६ ग्रॅम प्लास्टिकचे पाच पत्रे करायचे, प्रत्येकी सुमारे १९ ग्रॅमचे. पीटीएफई म्हणजे न चिकटणारा टेफ्लॉनचा थर लावलेल्या दोन कापडांमध्ये तुकडे पसरा, त्यातच मध्यस्थाचे दाणे समान वाटून टाका आणि १६० अंशांवर हलकेच दाबून १ मिलिमीटरच्या आतबाहेर जाडीचा पत्रा काढा. तो देखणा नसला तरी चालेल, पण भोकं नकोत. दाणे पत्र्यात नीट मिसळावेत म्हणून पत्रा घडी घालून पुन्हा एकदा-दोनदा दाबा.

मग रचना: पत्रा, कापड, पत्रा, कापड, अशी पाच पत्रे आणि चार कापडं. सर्वांत वर आणि सर्वांत खाली पत्राच यायला हवा. कापडाचा एक तुकडा ६ ग्रॅमचा हवा, म्हणजे चौरस मीटरला २८५ ग्रॅमच्या आसपासचं गोणपाट. तुमचं कापड हलकं किंवा जड असेल तर तुकड्यांची संख्या बदला, पण रचना मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखी ठेवा. एका बाजूला कापड जास्त झालं की फळी थंड होताना त्या बाजूला कमी आकसते आणि वाकते. तुकडे साच्यापेक्षा सगळीकडून २-३ मिलिमीटर लहान कापा, म्हणजे कडेला नुसतं प्लास्टिक राहील. याचा फायदा पाण्याच्या चाचणीत दिसेल.

दाबणं

प्रेसच्या डिस्प्लेवरचा आकडा प्लेटचा असतो, फळीच्या पोटातला नाही. प्लास्टिक आणि ताग दोघंही उष्णता सावकाश पुढे नेतात. पहिल्या वेळी तरी थर्मोकपलची बारीक तार मधल्या थरात ठेवून मोजा. प्लेट १७५ अंशांवर ठेवा, मधला थर १६५ ते १७० ला पोचू द्या. ५ मिलिमीटरला याला बरीच मिनिटं लागतात आणि ती प्रत्येक साच्याला वेगळी असतात, म्हणून मोजलेलं लिहून ठेवा. एवढा वेळ दाब नको. प्लेट नुसती टेकलेली असू द्या.

मधला थर तापला की हलका दाब द्या आणि सोडा. असं दोन-तीन वेळा. उरलीसुरली वाफ आणि थरांमधली हवा बाहेर पडते. हे टाळलं तर ती तशीच आत कोंडली जाते. त्यानंतर पूर्ण दाब, २ ते ३ मेगापास्कल, तीन ते पाच मिनिटं.

आता आकार लहान का ठेवला ते बघा. १ मेगापास्कल म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण १० किलो. आपली फळी २२५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे १ मेगापास्कलला सुमारे २.३ टन, आणि ३ मेगापास्कलला सुमारे ७ टन. १० टनांचा जॅक हे सहज करतो. तीच फळी ३० बाय ३० सेंटिमीटरची केली तर क्षेत्रफळ चौपट होतं आणि १ मेगापास्कललाच ९ टनांच्या वर जोर लागतो. मोठ्या फळीच्या मोहात पडून अपुऱ्या दाबावर काम करणाऱ्यांची फळी मध्यभागी हमखास कोरडी निघते.

तापणारा प्रेस नसेल तर थर लावलेला साचा ओव्हनमध्ये वर वजन ठेवून तापवा आणि झटकन थंड प्रेसमध्ये हलवून दाबा. साच्याच्या प्लेट जाड असतील तर त्यांच्यातली उष्णता तेवढा वेळ पुरते. ही पद्धत जमते, फक्त हात चपळ हवा आणि जाड कातडी हातमोजे हवेत. वितळलेलं पॉलिथिलिन त्वचेला चिकटून राहतं आणि भाजतच राहतं. चुकून चिकटलंच तर ओढून काढू नका, भरपूर थंड पाणी सोडा आणि डॉक्टर गाठा. हे सगळं उघड्या, खेळत्या हवेत करा. पांढरा धूर दिसला म्हणजे तापमान जास्त झालं: आच बंद करा, बाहेर जा. फळी कापताना उडणाऱ्या धुळीसाठी एन-९५ मास्क लावा.

थंड होतानाही दाब सोडायचा नाही. एचडीपीई थंड होताना दीड ते चार टक्के आकसतं, आणि धागा जवळजवळ आकसत नाही. दाब काढला तर दोघं आपापल्या मर्जीनं वागतात आणि फळी पापुद्र्यांसारखी सुटते. ६० अंशांच्या खाली आल्यावरच साचा उघडा. दोन्ही प्लेट सारख्या वेगानं थंड होऊ द्या. एकीवर पंखा आणि दुसरी टेबलाला टेकलेली, असं नको.

फळी काय सांगते

साच्यातून काढलेली फळी लगेच कापा, निदान एका कोपऱ्यातून. पृष्ठभाग फसवतो, काप फसवत नाही.

कापात पांढुरके, कोरडे धागे सुटे दिसले तर प्लास्टिक त्यांच्यापर्यंत पोचलेलं नाही. तापमान कमी, दाब कमी किंवा घट्ट वाहणारं बाटल्यांचं प्लास्टिक, या तिन्हींपैकी एक कारण असतं. आधी वेळ वाढवा, मग दाब. तापमानाला हात सगळ्यांत शेवटी. गोल, गुळगुळीत भिंतींची भोकं म्हणजे वाफ. उपाय प्रेसवर नाही, वाळवण्यात आहे. वेडीवाकडी, थरांच्या मधोमध पसरलेली पोकळी म्हणजे कोंडलेली हवा किंवा कमी माल. ताग गडद तपकिरी झाला आणि करपल्याचा वास आला तर उघडच जास्त तापलं. आणि धागे छान भिजलेले दिसताहेत, तरी नखानं थर सुटतो आहे? मग चिकटण्याची तक्रार आहे: तेल नीट धुतलं गेलं नाही, किंवा मध्यस्थ घातला नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या की कोणत्या बदलानं फरक पडला ते कळत नाही.

मग काट्यावर ठेवा. कडा साफ करून लांबी, रुंदी, जाडी मोजा, वजनाला आकारमानानं भागा. अपेक्षित घनता १.०१५ होती. ती ०.९६ आली तर फळीत पाच टक्क्यांच्या वर पोकळी आहे. ही सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत बोलकी चाचणी आहे, आणि बहुतेक लोक ती करतच नाहीत.

वाकवण्याची चाचणी घरी करता येते. २५ मिलिमीटर रुंदीची पट्टी कापा, ८० मिलिमीटर अंतरावरच्या दोन आधारांवर ठेवा, मध्यभागी बादली टांगा आणि त्यात हळूहळू पाणी ओता. आयएसओ १७८ या प्रमाणित चाचणीची रचना अशीच तीन बिंदूंची असते, आधारांमधलं अंतर जाडीच्या सोळापट. ताण काढण्याचं सूत्र: तीन गुणिले भार गुणिले आधारांमधलं अंतर, भागिले दोन गुणिले रुंदी गुणिले जाडीचा वर्ग. समजा १८ किलोला, म्हणजे १७७ न्यूटनला, पट्टी तुटली किंवा कायमची वाकली. तर ताण आला सुमारे ३४ मेगापास्कल. एकट्या आकड्यात अडकू नका. त्याच झाकणांची धागा न घातलेली एक फळी करून ठेवा आणि दोन्ही पट्ट्या सारख्या भाराखाली किती खाली झुकतात ते मोजा. तागाची खरी कमाई ताठपणात असते, आणि ती या तुलनेत दिसते.

पाण्याची चाचणी: तुकड्याचं वजन करा, २४ तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा वजन करा. असे दोन तुकडे घ्या, एक साच्याची अखंड कड असलेला आणि दुसरा चारही बाजूंनी कापलेला. कापलेला जास्त पाणी पितो, कारण उघड्या धाग्याच्या टोकातून ते आत चढतं. म्हणूनच वस्तू बनवताना कापलेल्या कडा गरम पट्टीनं प्लास्टिक ओघळवून बंद करायच्या.

कशासाठी वापरायची

पेट्यांच्या बाजू, खणांचे तळ, भिंतीवर आतून लावायचे पॅनेल, हत्यारांच्या मुठी, कुंड्यांची बाहेरची आवरणं: इथे ही फळी चांगली चालते. खाण्याच्या पदार्थांना तिचा स्पर्श नको. झाकणं आधी कशाला लागली होती हे आपल्याला माहीत नसतं. सतत भार पेलणारा मांडणीचा फळा करू नका, पॉलिथिलिन कायमच्या भाराखाली हळूहळू झुकत जातं आणि ताग ते कमी करतो, थांबवत नाही. आगीजवळ अजिबात नको. उन्हात ठेवायची असेल तर पृष्ठभाग फिका आणि खरखरीत होणार. बाहेरच्या दोन पत्र्यांत काजळीचा काळा रंग दोनेक टक्के घातला तर बराच काळ टिकाव लागतो. सततच्या ओलीत धाग्यावर बुरशी येते.

पर्यावरणाचं बोलायचं तर स्पष्ट बोलू. ही फळी मातीत कुजत नाही. तागाचा भाग कुजेल, प्लास्टिकचा चुरा मागे राहील. आणि एकदा धागा घातला की हे प्लास्टिक स्वच्छ एचडीपीईच्या पुनर्वापरात परत जाऊ शकत नाही. तेव्हा एकाच रंगाची, स्वच्छ, वेगळी केलेली झाकणं जिथे पुन्हा झाकणं होऊ शकतात तिथेच ती द्यावीत. रंगांची सरमिसळ झालेला, कोणी घ्यायला तयार नसलेला ढीग आपल्या कामाचा. फळी लाकडाच्या किंवा नव्या प्लास्टिकच्या जागी किती वर्षं टिकते, यावर तिचा फायदा ठरतो.

तरीही वितळणारं प्लास्टिक निवडल्याचा एक मोठा लाभ आहे. पूर्व जर्मनीत १९५७ पासून बनलेल्या ट्राबांट मोटारीचं बाह्यांग ड्युरोप्लास्टचं होतं: टाकाऊ कापसाचा धागा आणि फिनॉलिक रेझिन. कल्पना आपल्यासारखीच, पण ते रेझिन एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही, आणि गाड्या भंगारात निघाल्यावर त्या पत्र्यांचं करायचं काय हा प्रश्न उरला. आपली फळी मोडली तर तुकडे करून पुन्हा दाबता येते. धागा आखूड होतो, बळ उतरतं, म्हणून असा चुरा मधल्या पत्र्यांत घाला, बाहेरच्या पत्र्यांत नाही. आणि तो पुन्हा १०० अंशांवर वाळवून घ्या, कारण त्यातल्या तागानं एव्हाना परत पाणी प्यायलेलं असतं.

त्यासाठी प्रत्येक फळीच्या मागे न पुसणाऱ्या पेननं चार गोष्टी लिहा: प्लास्टिकचा आकडा, धाग्याचं नाव आणि टक्के, मधल्या थराचं तापमान, दाबाची मिनिटं. हाच तुकडा पुढे कोणाच्या हातात पडला तर तो किती तापवायचा आणि कशात मिसळायचा नाही, हे त्यावरूनच त्याला कळेल.